प्रश्न शाकाहारी घरांचाही आहे

‘आम्ही कोंबडी खात नाही, मग आम्हांला काय त्याचे?’ असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी बोलतो आहे ते विशेषतः त्यांच्यासाठी.

कोलिस्टिन हे प्रतिजैविक मूत्रपिंडाला अपायकारक. म्हणून इतर औषधे निष्फळ ठरली तरच डॉक्टर ते अतिदक्षता विभागात हाती घेतात. तेच औषध पोल्ट्रीत निरोगी पिल्लांना, वजन लवकर वाढावे म्हणून, खाद्यातून दिले जात होते! रोजच्या अल्प मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. २०१५ साली चिनी संशोधकांना डुक्कर व कोंबडीच्या मांसातील जंतूंत कोलिस्टिनला दाद न देणारे ‘एमसीआर-१’ जनुक आढळले. एका जंतूकडून ते दुसऱ्या जंतूकडे जाऊ शकते, ही खरी चिंतेची बाब. भारताने जुलै २०१९ मध्ये पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनच्या उत्पादन-विक्रीवर बंदी घातली. उशिरा का होईना, योग्यच केले.

मांस नीट शिजले की जंतू मरतात, हे खरे. परंतु कोंबडखत शेतात जाते. न कुजवता टाकले तर त्यातील जंतू मातीत, पाण्यात उतरतात आणि कोशिंबिरीवर भुरभुरलेल्या कच्च्या कोथिंबिरीबरोबर आपल्या पानातही येऊ शकतात.