शक्ती आणि संयम : प्रा. जेरार मुरू यांची ज्ञानसाधना

शक्ती मिळवणे अवघड खरेच. पण मिळालेली शक्ती पेलणे त्याहून अवघड. १९८०च्या सुमारास लेझरविज्ञानापुढे हीच समस्या उभी होती. अत्यल्प काळ टिकणाऱ्या प्रकाशस्पंदाचे बल वाढवू जावे, तर ज्या स्फटिकातून वा काचेतून ते वाढवायचे, तीच त्या तीव्रतेने भंग पावत असे.

या समस्येवर उपाय शोधणारे प्रा. जेरार मुरू यांचा जन्म १९४४ साली फ्रान्समध्ये, आल्प्सच्या परिसरातील आल्बेरव्हिल येथे झाला. १९७३ मध्ये पॅरिसला डॉक्टरेट मिळवून पुढे १९७७ मध्ये ते अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात आले. तेथे डोना स्ट्रिकलंड ही कॅनडाची विद्यार्थिनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागली.

गुरुशिष्यांनी योजलेला उपाय दिसावयास साधा होता. स्पंद १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून पाठवावयाचा. त्यातील निरनिराळे रंग निरनिराळ्या वेगाने धावतात. त्यामुळे स्पंद लांबतो आणि त्याची तीव्रता उतरते. त्या सौम्य अवस्थेत त्याचे बल वाढवावयाचे व अखेरीस त्यास पुन्हा आकुंचित करावयाचे. रडारशास्त्रात अशीच युक्ती पूर्वी वापरली गेली होती. १९८५ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्ट्रिकलंड यांचा तो पहिलाच निबंध!

१९८८ मध्ये मुरू मिशिगन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. अतिशीघ्र प्रकाशविज्ञान केंद्राचे ते संस्थापक संचालक. तेथे १९९०च्या दशकात एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून लेझरकिरण गेला. तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञास जखम विलक्षण रेखीव आढळली. भोवतीच्या भागास धक्काही लागला नव्हता. कारण स्पंद इतका क्षणिक, की उष्णता पसरण्यास अवसरच मिळत नाही. या निरीक्षणातूनच पात्याविना होणारी नेत्रशस्त्रक्रिया विकसित झाली. एका अपघाताचे रूपांतर असंख्यांच्या दृष्टिलाभात झाले.

२०१८ मध्ये पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग आर्थर अश्किन यांना, तर उरलेला अर्धा मुरू आणि स्ट्रिकलंड यांना समान वाटून मिळाला. हा सन्मान मिळवणाऱ्या स्ट्रिकलंड या तिसऱ्या महिला. दुसऱ्या महिलेला तो १९६३ मध्ये मिळाला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आज अशा तीव्र लेझरवर संशोधन चालते.

आपल्या घरातील मुले विज्ञानाकडे वळताना पगाराचा आकडा आधी विचारला जातो. मात्र, १९८५च्या त्या प्रयोगाचे फळ नोबेलच्या रूपाने पदरी पडण्यास तेहतीस वर्षे लागली. तेवढा धीर धरणारे शिक्षक आणि पालक आपण घडवणार आहोत काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.