रोजगार वाढले, मजुरीचे काय?
(चौक येथील भाषण)



सरकारी श्रमबल पाहणीप्रमाणे देशातील बेकारी २०१७-१८ साली शेकडा ६ होती, ती २०२३-२४ साली ३.२ वर आली. आम्हांस आनंदच आहे. पण मोजणीची रीत ऐका. वर्षात तीस दिवस राबलेलाही कामावर धरला जातो. कुंभारीण नवऱ्याच्या चाकासाठी माती तुडविते, कुणबीण घरच्या लावणीत कंबर मोडून घेते. हाती दमडी नाही, तरी तीही रोजगारात! असे बिनपगारी शंभर कामकऱ्यांत १३.६ होते, ते १९.४ झाले, महिना पगारवाले २२.८ वरून २१.७ वर उतरले. शेतीबाहेरच्या शंभर पगारदारांतही २०२३-२४ साली ५८ जणांपाशी कराराचा कागद नव्हता.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आलेले लोक बेकार नव्हते, कामावरचेच होते. मागणे होते रविवारच्या सुट्टीचे, दुपारच्या अर्ध्या तासाचे, वेळेवर पगाराचे. रविवार मिळायला १८९० उजाडले!

आमची पोरे खोपोली-रसायनीस ठेकेदारामार्फत जातात. तो दारी आला की, किती जागा आहेत हे मागाहून विचारू. आधी मजुरी किती, कोणत्या तारखेस, आणि कागद केव्हा देतोस, हे विचारू.