वरातीत पुढं, पंगतीत मागं
(वर्धा येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. संगीतातला पंडित नाही, तरी आज जाझवर बोलणार आहे. कुणी म्हणेल, वर्ध्याच्या उन्हात हे हाटेलातलं संगीत कशाला? तर ऐका.

जाझ हाटेलात जन्मलं नाही. गुलामांच्या नातवंडांनी ते न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांत, मयतीच्या बँडमध्ये वाढवलं. लुई आर्मस्ट्राँग तिथलाच, जन्म १९०१. पोरवयात घरोघर कोळसा पोचवला. काळ्या पोरांच्या सुधारगृहात त्याच्या हाती कॉर्नेट आलं. १९२८ साली त्यानं ‘वेस्ट एंड ब्लूज’ वाजवलं. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट, बाकी सगळे गप्प. घोळक्यातला एक माणूस पुढं येतो आणि स्वतःच्या आवाजात बोलतो.

१९२८ साल वर्ध्यालाही ठाऊक आहे. त्याच वर्षी जमनालाल बजाजांनी इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना उघडलं. दार उघडलं, पण किल्ली कुणाच्या हातात राहिली?

त्याच्या आधीचा डिसेंबर घ्या, १९२७ चा. महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली तो महिना. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ड्यूक एलिंग्टनचा बँड कॉटन क्लबात लागला. मंचावर काळे, खुर्च्यांवर गोरे. काळ्याची कला पाहिजे, काळा माणूस शेजारी नको. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. डफडं वाजवणारा वरातीत सगळ्यांच्या पुढं, पंगतीत सगळ्यांच्या मागं.

१९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. अशा बँडांकडून गोव्याची पोरं शिकली. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, तो बँड घेऊन पडद्यावरही आला. गाणं अजून पोरासोरांना पाठ आहे. पण ट्रम्पेट कुणाचा, विचारा. कुणी सांगत नाही.

बरं, नाव झालं म्हणजे सुटका होते? माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ऑगस्ट १९५९ मध्ये निघाली. जाझमध्ये तिच्याएवढं नाव थोड्याच रेकॉर्डींचं. त्याच ऑगस्टात तो बर्डलँड क्लबाच्या दारात उभा होता. आत त्याचाच कार्यक्रम. पोलीस म्हणाला, हल इथून. हा हलला नाही. डोकं फोडलं त्याचं.

पण ही माणसं नुसती मार खात बसली नाहीत. बिली हॉलिडेनं १९३९ साली ‘स्ट्रेंज फ्रूट’ गायलं, झाडाला टांगलेल्या काळ्या प्रेतांचं गाणं. तिच्या कोलंबिया कंपनीनं नकार दिला, तर तिनं कमोडोर या छोट्या कंपनीकडून रेकॉर्ड काढली. आर्मस्ट्राँगला तरुण वादक हिणवायचे, की गोऱ्यांपुढं दात काढतो. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत काळ्या पोरांना अडवलं, तेव्हा त्याच आर्मस्ट्राँगनं सरकारचा रशिया दौरा झिडकारला. अडवणारा गव्हर्नर फॉबस. त्याच्या नावानं चार्ल्स मिंगसनं १९५९ मध्ये ‘फेबल्स ऑफ फॉबस’ रचलं. आणि १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बनं चार मुली मारल्या, त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी जॉन कोल्ट्रेननं ‘अलाबामा’ वाजवलं. त्यात गाणारा कुणी नाही. नुसता सॅक्सोफोन, पण शोकसभा भरते.

आता आपल्या घरात येऊ. माझा आजा सेलू तालुक्यातला. १९५६ नंतर त्यानं गावकीचं वाजवणं टाकलं, मेलेली ढोरं ओढणं टाकलं. गावानं बहिष्कार घातला, तरी त्यानं वाद्याला पुन्हा हात लावला नाही. त्यानं जे केलं ते शंभर टक्के बरोबर. त्यानं सक्ती फेकली.

पण पोट्टेहो, त्याच्या नावावर आपण काय करतो? कोल्ट्रेनला डोक्यावर घेतो आणि शेजारच्या मांगवाड्यातल्या डफड्याला नाक मुरडतो. सातासमुद्रापारच्या काळ्याचं वाद्य क्रांतीचं, अन् शेजाऱ्याचं हलकं? हे संगीताचं ज्ञान नव्हे. ही आपल्या पोटात लपलेली जात आहे.

वाद्य गुलाम नसतं. वाजवायची अट गुलामीची असते. ती अट मोडायची तर वाजवणाऱ्याला पुरी मजुरी द्या, त्याचं नाव छापा, पंगतीत शेजारी बसवा. आणि त्याला वाजवायचं नसेल तर ‘नाही’ म्हणायचा हक्क द्या. एवढं दिलं तर डफडं काय, ट्रम्पेट काय, स्वतःच्या आवाजात बोलेल.

मोबाईलवर ‘अलाबामा’ मिळतं, ऐका. आणि येत्या जयंतीला वाजवायला जे येतील त्यांची नावं पत्रकावर घ्या. आमच्यासारख्या भाषणवाल्यांच्या वर.