हिरवं वजन, सुकं वजन



औषधी वनस्पती वाळवायच्या कशा आणि टिकवायच्या कशा, हा विषय मी अनेक वर्षं औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला. आज त्याच विषयावर बोलायचं आहे, पण वनस्पती अशी निवडली आहे की जिच्यावर वर्गातही जरा जपूनच बोललं जातं. ती म्हणजे भांगेचं झाड, आणि त्याच्या फुलोऱ्याचा गांजा.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. हे झाड घरी लावायला आपल्या देशात परवानगी नाही. अंमली पदार्थांबाबतचा १९८५चा एनडीपीएस कायदा त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला लागू झाला. सरकारी परवान्याशिवाय भांगेच्या झाडाची लागवड त्यातल्या आठव्या कलमानं बंद केली. विसाव्या कलमाखाली त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गच्चीत कुंडी ठेवली काय किंवा बंद खोलीत दिव्यांच्या उजेडात झाड वाढवलं काय, कायद्याला दोन्ही सारखंच. मुलुंड-बोरिवलीतल्या एखाद्या तरुण श्रोत्याला ही हौस खुणावत असेल, तर त्यानं हे आकडे ध्यानात ठेवावेत.

मला बोलायचं आहे ते त्यापुढच्या टप्प्याबद्दल. झाड तोडल्यानंतर, म्हणजे ते पोलिसांच्या ताब्यात आल्यानंतर, त्याचं काय होतं? ते कुठे ठेवलं जातं, कसं सुकतं, कसं सडतं? आणि त्या सुकण्यावर एखाद्या माणसाची दहा-वीस वर्षं कशी अवलंबून राहतात?

गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा ठरते वजनावर. ऑक्टोबर २००१च्या अधिसूचनेनुसार एक किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण, आणि वीस किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण. अल्प प्रमाणाला फार तर एक वर्षाची कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं. शिवाय व्यापारी प्रमाण ठरलं की सदतिसावं कलम लागतं. मग सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय, आणि आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय, जामीन मिळत नाही. खटला उभा राहीपर्यंत माणूस आतच असतो.

आता झाडाकडे वळू. ताज्या, हिरव्या झाडाचं साधारण तीन चतुर्थांश वजन पाण्याचं असतं. आपण बाजारातून आणलेली मेथीची जुडी दोन दिवस बाहेर राहिली की कशी हलकी होते, तेच इथे घडतं. मुळासकट उपटलेली बावीस किलो हिरवी झाडं तराजूवर ठेवली, तर आकडा व्यापारी प्रमाणात जातो. तीच झाडं नीट वाळली, त्यांच्यात दहाएक टक्के ओल उरली, की वजन सहा किलोच्या आसपास येतं. मुळं, मातीचे गोळे आणि जाड खोडं वेगळी केली, तर आणखी कमी. आरोपी तोच, झाडं तीच. फक्त वजन कोणत्या दिवशी केलं यावर शिक्षेची पायरी बदलते.

हे काल्पनिक उदाहरण नाही, कारण हिरवी झाडं जप्त होतात. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस आणि तुरीच्या आड लावलेला गांजा पोलीस उपटतात, तेव्हा ओल्या झाडांचे ढीगच्या ढीग तिथेच मोजले जातात. उलट आपल्या मुंबई उपनगरांत येणारा माल बहुधा वाळलेला असतो. ओडिशा आणि आंध्रच्या सीमाभागातून येणारा गांजा सुकवून, दाबून, चिकटपट्टीनं गुंडाळलेल्या पुड्यांतून येतो. अंधेरीच्या विमानतळावर अलीकडे सीमाशुल्क अधिकाऱ्यांना बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात सापडतो तो ‘हायड्रोपोनिक’ गांजा, म्हणजे मातीशिवाय, पोषकद्रव्यांच्या पाण्यावर वाढवलेला. तो तर वाळवून, हवा काढलेल्या पिशव्यांत बंद करूनच आलेला असतो. शिरपूरचा शेतमजूर आणि बँकॉकहून येणारा वाहक, दोघांना वीस किलोची एकच रेघ. पण एकाच्या वीस किलोत पंधरा किलो पाणी असतं, दुसऱ्याच्या वीस किलोत दोन. मला हा उघड अन्याय वाटतो. गांजाची बाजू घेऊन मी हे बोलत नाही. मोजमापाची बाजू घेऊन बोलतो आहे.

पाण्याबरोबर दुसरा प्रश्न आहे तो भागांचा. कायद्यानं गांजा म्हणजे काय ते सांगितलं आहे. झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे म्हणजे गांजा. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील, तर ती त्यात धरायची नाहीत. ही शब्दरचना १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आहे. आपल्याकडची भांग पानांची, म्हणून ती या व्याख्येबाहेर राहिली. पण पंचनाम्यात पुष्कळदा ‘हिरवट रंगाचा पाला’ एवढंच लिहिलेलं असतं. ऑगस्ट २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्यापुढे जामिनाचा असाच एक अर्ज आला होता. जप्ती ४८ किलोची होती. त्या मालात फुलोऱ्याचे शेंडे असल्याचं जप्तीच्या कागदांत नव्हतं. तेव्हा हा माल गांजाच्या व्याख्येत बसतो का, हाच प्रश्न न्यायालयानं पुढे ठेवला, आणि अर्जदाराला दिलासा दिला. शेंडे, पानं, काड्या वेगवेगळ्या करून तोललं असतं, तर तपास यंत्रणेचंही काम पक्कं झालं असतं.

ही समज आपल्याकडे नवी नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. इंग्रजी अमलात गांजा सरकारी देखरेखीखाली पिके. बंगालात राजशाहीजवळ नौगाव, मध्य प्रांतात खंडवा आणि आपल्या मुंबई इलाख्यात नगरकडचा भाग त्यासाठी ओळखला जाई. शेतकरी शेंडे कापून उन्हात पसरत, पायांनी तुडवून चपटे करत, आणि माल सरकारी कुलपाखालच्या गोदामात जाई. बंगालात चपटा, गोल आणि चुरा असे तीन प्रकार होते आणि तिन्हींवरचा कर वेगळा होता. कारण चपट्या मालात काड्या जास्त, चुऱ्यात जवळजवळ नाहीतच. म्हणजे वजनात काय आहे ते पाहून मग कर लावायचा, हे तेव्हाच्या अबकारी खात्याला कळत होतं. माल साठवणीत सुकतो, वजन घटतं, त्याचाही हिशेब ठेवला जाई.

१८९३मध्ये लंडनच्या संसदेत प्रश्न विचारला गेला, आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीचा मोठा आयोग नेमला गेला. त्यात वॉर्डन हे कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. आयोगानं अकराशेच्या वर साक्षीदार तपासले आणि पुढच्या वर्षी अनेक खंडांचा अहवाल दिला. त्यातलं मत कुणाला पटो न पटो, पण लागवड, सुकवण आणि साठवण यांची इतकी तपशीलवार नोंद त्यापूर्वी कुणी केली नव्हती. सरकारला गांजाच्या वजनातून महसूल हवा होता, तेव्हा ओल मोजली गेली. आता त्याच वजनावर तुरुंगवास ठरतो, आणि ओल मोजत नाही कुणी.

साठवणीत आत काय घडतं तेही सांगतो. शेंड्यांवर राळेच्या बारीक ग्रंथी असतात. नशा आणणारं द्रव्य, ज्याला टीएचसी म्हणतात, ते ताज्या झाडात बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं. काळानं आणि उष्णतेनं त्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. ते हवेशी संयोग पावून हळूहळू कॅनाबिनॉल होतं. केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांनी १८९६मध्ये चरसातून पहिल्यांदा वेगळं काढलं ते हेच कॅनाबिनॉल. टीएचसी वेगळं व्हायला १९६४ उजाडलं. ते काम इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी केलं. १९७६मध्ये लंडनच्या फेअरबेर्न यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की साठवलेल्या मालाचा सगळ्यात मोठा शत्रू प्रकाश. म्हणजे मालखान्याच्या, जप्त माल ठेवायच्या पोलिसांच्या कोठाराच्या, खिडकीत पडलेला नमुना आणि कपाटातल्या अंधारात ठेवलेला नमुना वर्षभरानं रासायनिकदृष्ट्या एकसारखे राहत नाहीत.

आणि मुंबई उपनगरांत तर मोठा वैरी दमटपणा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. त्या दिवसांत हिरवा पाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला, की तो आतल्या आत गरम होतो, घाम धरतो, त्यावर बुरशी चढते आणि काही दिवसांत काळा चिखल होतो. म्हणून ताज्या वनस्पतीचा नमुना कागदी पिशवीत ठेवावा, त्याला हवा लागू द्यावी, असं आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो. आपल्याकडे १९८९च्या स्थायी आदेशानं मात्र गांजाचा चोवीस ग्रॅमचा नमुना उष्णतेनं बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून वर कागदी पाकीट लावायला सांगितलं. वाळलेल्या मालाला ते ठीक आहे. हिरव्या मालाला ते घातक आहे.

तो नमुना आपल्या भागात जातो कलिन्याला, सांताक्रूझ पूर्वेच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे अस्वलाच्या नखासारखे वाकडे केस शोधतात. त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा असतो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. मग रंगाची चाचणी. ड्यूकन्वा यांच्या चाचणीत जांभळा रंग उमटतो. सुंदर, साध्या कसोट्या आहेत या. पण पाला सडून गेला असेल, तर विश्लेषकानं केस शोधायचे कुठे?

मालखान्यांची अवस्था देशातल्या सर्वोच्च न्यायालयानंच पाहिली आहे. जप्त मालाच्या साठवणीबद्दलच्या मोहनलाल प्रकरणात २८ जानेवारी २०१६ रोजी सरन्यायाधीश तीरथसिंग ठाकूर आणि न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी निकाल दिला, तो असा: जप्तीनंतर विलंब न करता दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, नमुने त्यांच्यासमोर काढायचे, आणि सहा महिन्यांत अंमली पदार्थांसाठी स्वतंत्र, दुहेरी कुलपाची कोठारं उभी करायची. एनडीपीएस कायद्याच्या ५२-अ कलमानुसार दंडाधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेली यादी, छायाचित्रं आणि नमुने हाच मुख्य पुरावा धरता येतो. बाकीचा माल लवकर नष्ट करता येतो. डिसेंबर २०२२मध्ये केंद्रानं जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांचे नवे नियम काढले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मथुरेच्या पोलिसांनी न्यायालयाला सांगितलं होतं, की मालखान्यातला ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला. इतका माल जागेवर नसणं म्हणजे तो पुन्हा रस्त्यावर येण्याची शक्यता. त्याची चिंता प्रत्येक आईबापाला वाटायला हवी.

मुंबईत अंमली पदार्थविरोधी कक्षाचे घाटकोपर आणि कांदिवली इथे विभाग आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि विक्रोळीला दंडाधिकाऱ्यांची न्यायालयं आहेत, आणि कलिन्याची प्रयोगशाळा तिथून लांब नाही. हिरवा माल आला, तर दोन दिवसांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेऊन शेंडे वेगळे करणं, तोलणं, हवेशीर जागेत कागदावर वाळवून पुन्हा तोलणं आणि दोन्ही आकडे लिहिणं इथे सहज जमेल. त्यासाठी लागतात दोन तराजू, एक बंद खोली आणि नियमात दोन ओळी.

आता श्रोत्यांपैकी कुणाच्या तरी वाट्याला येईल असं काम. अशा जप्तीत पंच म्हणून आपल्यातलेच दुकानदार, रिक्षावाले, सोसायटीतले रहिवासी बोलावले जातात. पुष्कळजण घाईनं सही करतात. तुम्हाला बोलावलं, तर तराजू आधी शून्यावर आहे का ते पाहा. पिशवीचं, गोणीचं वजन वजा केलं का ते विचारा. माल ओला आहे की वाळलेला, शेंडे आहेत की नुसती पानं, मुळं आणि माती आहे का, हे जसं डोळ्यांनी दिसतं तसं पंचनाम्यात लिहायला सांगा. लिहिलेलं पूर्ण वाचा, आणि मगच सही करा.