स्तनाचा कर्करोग : वारसा आणि वय



बोनस, महागाई भत्ता, कामाचे तास हे आमचे नेहमीचे विषय. यंदा चालकांना आम्ही वरचा विषय कळविला, तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. पण हा विषय आमच्या दारी चालत आला, तो कसा ते आधी सांगतो.

आमच्या युनियनमध्ये कांड्या भरणारी एक बाई होती. छातीत गाठ हाताला लागली, ती तिने आठ महिने लपविली. का, तर तिची आई याच दुखण्याने गेली होती आणि मुलीची सोयरीक ठरत होती. घराण्यात रोग आहे असा बोभाटा झाला तर? शेवटी ती आमच्याकडे आली, ती रजेचा अर्ज घेऊन. तोवर फार उशीर झाला होता. रजा आम्ही मिळवून दिली. त्याहून अधिक काही करता आले नाही, याची खंत आजही आहे. तेव्हापासून आम्ही विचारू लागलो : रोग 'घराण्यात' असतो म्हणजे काय?

फ्रान्समधील डॉक्टर ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्याच घराण्याची वंशावळ छापून हा रोग पिढ्यान्‌पिढ्या उतरल्याचे दाखविले. त्याचा माग लागायला सव्वाशे वर्षे गेली. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषीने दाखवून दिले की दोष सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली तो जनुक हाती आला. त्याला बीआरसीए-१ म्हणतात. पुढच्याच वर्षी दुसरा, बीआरसीए-२, सापडला. हे जनुक आपणा सर्वांच्याच अंगात असतात. त्यांचे काम डागडुजीचे. मागावर धागा तुटला तर तो सांधणारा हात जागेवर हवा, नाहीतर दोष कापडात पुढे पुढे विणला जातो. पेशीतही तसेच. सांधणाराच अधू असेल, तर अशा शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षांच्या आत हा रोग गाठतो.

पण दोन गोष्टी ध्यानात धरा. एक, या रोगाच्या शंभर रोग्यांत असा ठाम वारसा पाच-दहा जणांचाच असतो. दुसरी, हा वारसा बापाकडूनही येतो. तेव्हा सुनेच्या माहेराकडे बोट दाखविणाऱ्यांनी आधी आपल्या घराची वंशावळ पाहावी.

आता खरी गंमत ऐका. किंगबाईंनी न्यूयॉर्क भागातील ज्यू कुटुंबे तपासून २००३ साली निष्कर्ष मांडले. सदोष जनुक असलेल्या, १९४० पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांत पन्नाशीपर्यंत रोगाचा धोका शेकडा २४ होता. त्यानंतर जन्मलेल्यांत तो ६७ निघाला. जनुक तोच, दोष तोच! बदलले ते जगणे. किशोरवयात ज्या मुली व्यायाम करीत आणि ज्यांचे वजन बेताचे होते, त्यांना रोगाने उशिरा गाठले.

म्हणजे वारशाइतकेच वयही महत्त्वाचे. १९४५ साली हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब पडले. त्या किरणोत्सर्गाने पुढे स्तनाचा कर्करोग सर्वांत वाढला तो त्या वेळी विशीच्या आत असलेल्या मुलींत. चाळिशी ओलांडलेल्यांत फारच थोडा. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या स्त्रियांचे जुने रक्तनमुने जपून ठेवले होते. त्यांवरून २००७ साली दिसले की ज्यांच्या अंगात डीडीटीचे प्रमाण जास्त होते आणि ज्या ते सर्रास वापरात आले तेव्हा चौदा वर्षांच्या आत होत्या, त्यांना पन्नाशीपूर्वी या रोगाचा धोका पाचपट होता. वयाने त्याहून मोठ्या असलेल्यांत तशी वाढ दिसली नाही.

कारण सरळ आहे. मुलगी वयात येते तेव्हा स्तनातील नलिका झपाट्याने वाढतात, पेशी भराभर विभागतात आणि अजून कच्च्या असतात. कच्च्या विटेवर बोट ठेवले तरी ठसा उमटतो, भाजलेल्या विटेवर उमटत नाही. पूर्ण दिवसांच्या पहिल्या बाळंतपणात या पेशी पक्व होतात. म्हणून पहिले मूल लवकर झालेल्यांत हा धोका पुढे कमी दिसतो. यावरून कोणी मुलींची लग्ने कोवळ्या वयात लावायला निघेल, तर त्याला आमचा ठाम विरोध आहे. अल्पवयीन आईच्या जिवाला बाळंतपणाचाच धोका मोठा असतो.

आम्ही यातून वेगळा धडा घेतो. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावायला २०१६ च्या दुरुस्तीने कायद्याची बंदी आहे. रसायनांच्या कामावर कोवळी मुलगी दिसली, तर तिच्या रोजाचा हिशेब आज होतो, आयुष्याचा हिशेब तीस वर्षांनी होतो, आणि तेव्हा मालक सापडत नाही.

दुसरा धडा आपल्या मुंबईचा. टाटा रुग्णालयाच्या मंडळींनी १९९८ पासून वीस वर्षे झोपडपट्ट्यांतील दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी करीत. तिथे रोग लवकर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत त्याचे मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने घटले. यंत्र नाही, फक्त शिकलेला हात.

म्हणून आमच्या मागणीपत्रात आता एक कलम असते : तपासणीसाठी भरपगारी रजा. मालक विचारतात, हा कामगारांचा प्रश्न कसा? त्यांना आम्ही त्या बाईचा रजेचा अर्ज दाखवितो. तो अजून आमच्या कपाटात आहे.

घरी गेल्यावर एवढेच करा. आईला, बहिणीला, बापाच्या बहिणीलासुद्धा विचारा. गाठ लपवू नका, लपवू देऊ नका.