अनामिक जीवांचे नामकरण : समुद्री काकडी आणि तिचे भाईबंद

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. प्राणिशास्त्राचा एक साधा शिक्षक आहे. म्हणून माझ्या विषयातीलच एक गोष्ट आपणासमोर ठेवावी असे मी ठरविले. सागराच्या तळाशी राहणाऱ्या, डोळे नसलेल्या, मेंदू नसलेल्या आणि बहुतेकांना ठाऊकही नसलेल्या जीवांना नाव कसे दिले जाते, आणि त्या नावाने काय साधते, ही ती गोष्ट होय.

जीवांची गणना आणि वर्गवारी हा विषय या सभागृहात कोणालाही परका नाही. स्थावर आणि त्रस, आणि त्रसांमध्ये द्वींद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची विभागणी आपल्या पाठशाळेतील मुलांनाही मुखोद्गत असते. प्राणिशास्त्राची वर्गवारी निराळ्या पायावर उभी आहे. ती इंद्रियांच्या संख्येवर नव्हे, तर शरीररचनेवर आणि वंशसंबंधांवर आधारलेली आहे. या दोहोंची सांगड घालण्याचा अट्टहास मी करणार नाही. समुद्री काकडीला किती इंद्रिये मानावीत, याचा निर्णय त्या शास्त्राच्या अधिकारी व्यक्तींनी द्यावा. मात्र दोन्हीकडे मूळ प्रेरणा एकच दिसते : भोवतालचा जीव नीट ओळखावा.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. समुद्री काकडी ही वनस्पती नव्हे. तारामासा, भंगुरतारा, समुद्र-अर्चिन आणि सागरी कमळ हे तिचे भाईबंद. या सर्वांना मिळून कंटकचर्मी प्राणी म्हणतात. या संघातील सात हजारांवर हयात जाती आजवर ज्ञात आहेत आणि त्या सर्वच्या सर्व समुद्रातील आहेत; गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर त्यांतील एकही आढळत नाही. समुद्री काकड्यांच्या जाती त्यांपैकी सुमारे सतराशे ते अठराशे. लांबट, मऊ, चामड्यासारख्या कातडीचा देह, एका टोकाला तोंड आणि त्याभोवती स्पर्शकांचे कडे, असे तिचे रूप. तमिळ कोळी तिला ‘कडल अट्टै’ म्हणजे समुद्रातील जळू म्हणतात. पण ती कोणाचे रक्त शोषीत नाही. बहुसंख्य जाती तळावरची वाळू आणि गाळ गिळतात, त्यातील सेंद्रिय अंश पचवितात आणि उरलेली वाळू बाहेर टाकतात. ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटाच्या प्रवाळभित्तीवर ही कामगिरी किती मोठी असते याचा अंदाज 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या एका प्रवाळभित्तीवरील समुद्री काकड्या वर्षाला 64,000 टनांहून अधिक वाळू अशा रीतीने उलथवितात. शेतकऱ्याच्या रानात गांडूळ जे करते, तेच काम समुद्रात ही काकडी करीत असते.

आता नामकरणाकडे वळू. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या 1758 मधील ग्रंथापासून मानला जातो. प्रत्येक जातीला दोन शब्दांचे नाव असते, पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा. हे नाव देण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची आजची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून अमलात आली. तिचा एक नियम फार महत्त्वाचा आहे. एकाच जातीला दोघांनी नावे दिली असतील, तर आधी दिलेले नाव ग्राह्य धरले जाते. त्यामुळे नवी जाती सापडली असे म्हणण्यापूर्वी संशोधकाला गेल्या अडीचशे वर्षांतील लॅटिन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी वर्णने धुंडाळावी लागतात. लंडन, पॅरिस, कोपनहेगन, कोलकाता येथील संग्रहालयांत जपलेल्या मूळ नमुन्यांशी आपला नमुना ताडून पाहावा लागतो. समुद्रात एक दिवस, आणि बरण्या व पोथ्या यांच्या सान्निध्यात काही वर्षे, असे या कामाचे प्रमाण असते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसून आले की, नमुना गोळा झाल्यापासून त्या जातीचे वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी 21 वर्षे लोटतात. आज ‘नवी’ म्हणून जाहीर होणारी जाती बहुधा एखाद्या पिढीपूर्वी पकडलेली असते.

समुद्री काकडीच्या बाबतीत अडचण अधिकच. तारामाशाचे हात मोजता येतात, शंखाचे वेटोळे पाहता येतात. पण ही काकडी कधी आखडते, कधी फुगते, मेल्यावर तिचा रंग उडतो. मग ओळखावे कसे? याचे उत्तर तिच्या कातडीत दडलेले आहे. त्या कातडीत चुनखडीच्या असंख्य सूक्ष्म कणिका विखुरलेल्या असतात. संशोधक कातडीचा कणभर तुकडा ब्लीचच्या थेंबात ठेवतो. मांसल भाग विरघळतो आणि कणिका तेवढ्या उरतात. त्या धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की एक नवल दृष्टीस पडते. कोणाच्या कणिका चार खांबांच्या चिमुकल्या मेजासारख्या, कोणाच्या भोके असलेल्या गुंड्यांसारख्या, कोणाच्या चाकांसारख्या, तर कोणाच्या हुबेहूब जहाजाच्या नांगरासारख्या. यांवरून, स्पर्शकांच्या संख्येवरून व आकारावरून, आणि घशाभोवतीच्या चुनखडीच्या कड्यावरून जाती ठरते. ज्या जुन्या नमुन्यांना आम्लयुक्त फॉर्मॅलिनमध्ये ठेवले गेले, त्यांच्या कणिका विरघळून गेल्या आणि त्यांची ओळखही त्यांच्याबरोबर हरपली. म्हणून आता हे नमुने अल्कोहोलमध्ये जपले जातात. गेल्या काही दशकांत डीएनएच्या तपासणीची जोडही मिळाली आहे.

या शास्त्राच्या इतिहासात आपल्या देशाचेही स्थान आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण जहाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालचा उपसागर, अरबी समुद्र आणि अंदमानच्या परिसरात फिरत होते. त्यावर आल्फ्रेड अल्कॉक यांच्यासारखे निसर्गशास्त्रज्ञ काम करीत. त्या जहाजाने गोळा केलेल्या समुद्री काकड्या कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जमा झाल्या आणि केलर व वानी या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1905 आणि 1908 मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांत कित्येक जातींना प्रथमच नाव मिळाले. पुढे 1916 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. आपल्या काळात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतील डॉ. डी. बी. जेम्स यांनी या प्राण्यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. या संस्थेने 1988 मध्ये तुतिकोरिन येथे ‘होलोथुरिया स्काब्रा’ या जातीची पिल्ले प्रयोगशाळेत वाढविण्यात यश मिळविले.

कधी एखादा नवा जीव संपूर्ण वर्गवारीलाच आव्हान देतो. न्यूझीलंडजवळ हजार मीटरहून अधिक खोलीवर बुडालेल्या लाकडांत नाण्याएवढेही नसलेले काही चपटे, वाटोळे प्राणी सापडले. 1986 मध्ये त्यांना ‘झायलोप्लॅक्स’ हे नाव मिळाले आणि कंटकचर्मींच्या पाच वर्गांत त्यांच्यासाठी एक स्वतंत्र सहावा वर्ग कल्पिण्यात आला. यावर पंचवीस वर्षे वाद चालला. 2011 मध्ये डीएनएच्या आधारे असे मांडण्यात आले की, हा बालरूपातच प्रौढ होणारा एक तारामासाच आहे. आज तो तारामाशांतच गणला जातो. पुरावा समोर येताच सहाव्या वर्गाचा आग्रह मागे पडला, हे या शास्त्राचे भूषण होय.

पण श्रोतेहो, आपण विचाराल की, या नामकरणाचा व्यवहारात उपयोग काय? यासाठी एकच उदाहरण देतो. समुद्री काकडी वाळवून चीन व पूर्व आशियात खाद्य म्हणून विकली जाते. हा व्यापार शतकानुशतके चालत आला असून त्यासाठी दरवर्षी कोट्यवधी जीवांचा संहार होतो. पॅसिफिक बेटांवर ‘गोल्डन सँडफिश’ या नावाने एक जाती अशीच महागड्या दराने विकली जात होती. व्यापाऱ्यांना ती ठाऊक होती, तिचा भाव ठरलेला होता. पण शास्त्राच्या वहीत तिला स्वतःचे मान्य नाव नव्हते. ती ‘होलोथुरिया स्काब्रा’चाच एक रंगभेद समजली जाई. 2005 मध्ये आनुवंशिक अभ्यासातून दिसले की, दोहोंचा अधूनमधून संकर होत असला तरी त्या भिन्न जाती आहेत. अखेर 2009 मध्ये मासॅं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला ‘होलोथुरिया लेसोनी’ हे नाव दिले. बाजाराने तिचे मोल आधी ठरविले आणि शास्त्राने तिचे नाव नंतर, हा क्रम आपणा सर्वांना अंतर्मुख करणारा आहे.

कारण संरक्षणाचे कायदे नावावर चालतात. हिंदी महासागरातील ‘होलोथुरिया नोबिलिस’ आणि पॅसिफिकमधील ‘होलोथुरिया व्हिटमेई’ या दोन काळ्या काकड्या दीर्घकाळ एकच समजल्या जात. व्हिटमेई हे नाव 1887 मध्येच दिले गेले होते, पण ते अडगळीत पडले होते. 2004 मध्ये डीएनएच्या साहाय्याने त्याचे पुनरुज्जीवन झाले. पुढे 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या दोन्ही जातींचा, त्यांच्या आणखी एका नातेवाइकासह, स्वतंत्रपणे समावेश झाला. नाव नसते तर त्या यादीत व्हिटमेईसाठी ओळच नसती.

भारताने निराळा मार्ग स्वीकारला. 1982 मध्ये तीन इंचांहून लहान काकड्यांवर बंदी आली आणि 2001 मध्ये सर्वच समुद्री काकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. 2020 मध्ये लक्षद्वीपमधील चेरियापाणी येथे 239 चौरस किलोमीटरचे क्षेत्र केवळ समुद्री काकड्यांसाठी राखीव करण्यात आले. ही आनंदाची बाब आहे. तथापि मन्नारच्या आखातातील व पाल्कच्या सामुद्रधुनीतील ज्या गरीब कोळी कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटत होती, त्यांची उपजीविका गेली आणि चोरटी निर्यात मात्र पूर्णपणे थांबली नाही. जीवदया आणि मानवाची भाकर यांचा मेळ घालणे अद्याप बाकी आहे, हेही येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

आता एका अवघड प्रश्नाला मी हात घालतो, कारण या सभागृहात तो टाळणे उचित होणार नाही. नव्या जातीला नाव देताना संहितेनुसार एक नामधारक नमुना नेमावा लागतो, आणि तो सामान्यतः संग्रहालयात जतन केलेला मृत देह असतो. म्हणजे जीवाची ओळख पटविण्यासाठी एका जीवाचा प्राण घेतला जातो. हे योग्य आहे काय?

या प्रश्नाला माझ्यापाशी सोयीस्कर उत्तर नाही. एका नमुन्यामुळे हजारोंचे रक्षण होते, असा युक्तिवाद आम्ही प्राणिशास्त्राचे लोक करतो आणि तो खोटा नाही. परंतु गणिताने हिंसा पुसली जात नाही, हे आपण मला सांगाल आणि तेही खोटे नाही. मला इतकेच सांगावयाचे आहे की, हे शास्त्रही हळूहळू यतनेच्या दिशेने चालले आहे. संग्रहालयांतील जुन्या बरण्या आधी तपासल्या जातात आणि अनेक नव्या जाती तेथेच मिळतात. जाती ओळखण्यापुरते काम असेल तेव्हा जिवंत प्राण्याचे छायाचित्र आणि कातडीचा सूक्ष्म तुकडा घेऊन त्याला सोडून देता येते. समुद्री काकडीला गमावलेले अवयव पुन्हा निर्माण करण्याची शक्ती असते. नमुना घेणे भागच पडले तर तो आधी बधिर केला जातो, गरजेपुरतेच नमुने घेतले जातात, आणि एकच नमुना पिढ्यान्‌पिढ्या अनेकांच्या अभ्यासाला उपयोगी पडावा म्हणून निगुतीने जपला जातो.

हा प्रश्न येत्या काळात अधिक तीव्र होणार आहे. समुद्रतळावरील धातूंच्या गोळ्यांकडे जगाचे लक्ष लागले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने 1981 मध्ये असे गोळे वर आणले होते, आणि 2002 मध्ये आपल्या देशाने मध्य हिंदी महासागरातील 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय करार केला. पॅसिफिकमधील अशाच एका प्रदेशाची गणना 2023 मध्ये प्रसिद्ध झाली : तेथे नोंदल्या गेलेल्या सुमारे साडेपाच हजार जातींपैकी जवळजवळ 90 टक्के जातींना अद्याप नाव नाही. त्यांत समुद्री काकड्या आणि त्यांचे भाईबंदही आहेत. ज्यांची नोंदच नाही, त्यांचा नाश झाला तरी तो कोणाच्या हिशेबात येणार नाही.

आपल्या समाजाने पांजरपोळ उभारले, पक्ष्यांसाठी इस्पितळे काढली, हस्तलिखित ग्रंथभांडार शतकानुशतके जतन केले. अज्ञात जीवांची नोंद ठेवणे हे या दोन्ही परंपरांना जवळचे काम आहे. त्यात जीवदया आहे आणि ग्रंथसेवाही आहे. परंतु वर्गीकरणशास्त्राकडे वळणारे विद्यार्थी आज विरळ झाले आहेत, कारण त्यात धन नाही आणि प्रसिद्धीही नाही. आपल्या ट्रस्टतर्फे दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली जाते. त्यांतील एखादी शिष्यवृत्ती प्राणी व वनस्पतींच्या वर्गीकरणाचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावी, अशी नम्र विनंती मी विश्वस्त मंडळास करतो.