दहा डॉलर की पाच डॉलर?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं होतं. पण त्याच्या वीसेक वर्षं आधी तिकडे उत्तरेतले कितीतरी लोक म्हणत होते, ‘गुलामी दक्षिणेत आहे ना, मग आपल्याला काय?’ हे ‘आपल्याला काय’ कसं संपलं, ते आज सांगतो.

१८५० मध्ये अमेरिकेच्या संसदेने पळालेल्या गुलामांसाठी एक कडक कायदा केला. गुलाम उत्तरेत पोचला तरी त्याला पकडून मालकाकडे परत पाठवायचं. ज्युरी नाही. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्षसुद्धा देता येणार नाही. त्याला मदत केली तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि आता हे ऐका. निकाल देणाऱ्या कमिशनरने माणूस मालकाला दिला तर फी १० डॉलर, सोडून दिला तर ५! कारण काय, तर म्हणे कागदपत्रं जास्त करावी लागतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूकच वाटली होती.

मे १८५४, बॉस्टन. अँथनी बर्न्स, विशीतला पोरगा. व्हर्जिनियातून जहाजाने पळून आलेला, एका कपड्यांच्या दुकानात कामाला. त्याने भावाला पत्र लिहिलं आणि ते मालकाच्या हाती पडलं. संपलं! २४ मे रोजी अटक. दोन दिवसांनी जमावाने कोर्टाचा दरवाजा फोडायचा प्रयत्न केला, त्यात एक पहारेकरी मेला. निकाल मालकाच्या बाजूने लागला. २ जूनला एकट्या बर्न्सला सैनिकांच्या गराड्यात बंदरावर नेलं. बघायला सुमारे ५०,००० माणसं. इमारतींवर काळं कापड, रस्त्यावर टांगलेली शवपेटी. कालपर्यंत तडजोडीच्या गोष्टी करणारे व्यापारीसुद्धा त्या दिवशी फिरले.

त्याच आठवड्यात कॅन्सस-नेब्रास्का कायदाही झाला आणि गुलामीला बंद असलेला मोठा प्रदेश तिच्यासाठी खुला झाला. कॅन्ससमध्ये पुढे रक्त सांडलं, त्यावर वेगळा एपिसोड करावा लागेल.

१८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने पळालेल्यांना संरक्षण देणारा कायदा केला. दक्षिणेला हा विश्वासघात वाटला. ‘युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं’ असं कुणी म्हणालं ना, की मी त्यांना साउथ कॅरोलायनाचं डिसेंबर १८६० चं जाहीरनामापत्र वाचायला सांगतो. देशातून फुटताना त्यांची मोठी तक्रार हीच, की उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत! म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हाच त्यांचा गुन्हा.

आणि बर्न्स? बॉस्टनच्या कृष्णवर्णीय चर्चने वर्गणी काढली आणि १३०० डॉलर देऊन १८५५ मध्ये त्याला सोडवलं. तो कॉलेजात शिकला, कॅनडात पाद्री झाला. १८६२ मध्ये, २८ व्या वर्षी गेला. तेव्हा युद्ध चालूच होतं.